अरे, वर घे

माझी आत्या कधी कोणावर ओरडली नाही. त्यात स्वभावाचा वाटा थोडा आणि आतोबांच्या कानांचा जास्त. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. त्या यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान चाळिशीच्या आतच अधू झाले. ऐकू न येणाऱ्या माणसाशी लोक ओरडून बोलतात. आतोबांना मात्र ओरडलेलं सगळं एकाच गोंगाटासारखं लागे, त्यातून शब्द सुटे होऊन निघत नसत. आत्याने हे लग्नानंतर थोड्याच दिवसांत ओळखलं आणि आपलं बोलणंच बदलून घेतलं. आवाज खालच्या पट्टीत आणला, शेवटची अक्षरं गिळायची सवय मोडली, आणि तोंड उघडण्याआधी क्षणभर त्यांच्याकडे बघायला शिकली. घरात असं बोलून बोलून ती बाहेरही तशीच बोलू लागली. माझे वडील, तिचे धाकटे भाऊ, म्हणायचे, "ताईशी भांडायची सोय नाही. आपण तणतणत जावं आणि तिने हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखं उत्तर द्यावं."

ती एका कारखान्यात नोकरीला होती. तिथे सैन्याच्या विमानांत बसवायची उपकरणं बनत. आत्या नकाशाच्या खोलीत बसायची. लांबलचक खोली, एका बाजूला सगळ्या खिडक्या, आणि खिडक्यांपाशी तिरप्या काचेची टेबलं, खालून दिवा लावलेली. त्या काचेवर नकाशा पसरायचा, हातातलं भिंग उंचीच्या रेषेवर नेमकं टेकवायचं आणि बटण दाबायचं. रेषेचा तेवढा बिंदू, त्याच्या उंचीसकट, पलीकडच्या गणकयंत्रात जाऊन बसे. मग भिंग सुईच्या टोकाएवढं पुढे. असं करत करत अख्खा डोंगर आकड्यांत उतरे. हवेत ओल आली की कागद जरासा फुगतो आणि कागद फुगला की डोंगर जागचा हलतो, म्हणून त्या खोलीत किटली आणायला बंदी होती. चहा प्यायचा तर व्हरांड्यात. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की आत्या म्हणायची, "आम्ही डोंगर डब्यात भरतो."

डबा खरोखरच होता. कारखान्यात त्याला सगळे 'खोकं' म्हणत. सैन्याच्या मालवाहू विमानांना पुष्कळदा फार खालून उडावं लागतं, डोंगरांच्या मधून, दरीच्या पोटातून, कारण वर गेलं की शत्रूच्या रडारला दिसतं. खालून उडायचं म्हणजे डोंगरांशी लपंडाव, आणि त्या खेळात डोंगर कधी बाद होत नाही. स्वच्छ हवेत वैमानिकाला डोळे पुरतात. ढग खाली उतरले की ढग आणि डोंगर एकाच रंगाचे. खोक्याने हे सांभाळायचं होतं. त्याच्या पोटात आत्याच्या खोलीतले सगळे डोंगर भरलेले. विमान कुठे आहे हे त्याला कळे, पोटाखाली जमीन किती दूर आहे हे ते रेडिओच्या लहरी खाली टाकून मोजे, आणि मग पुढे बघे. विमान असंच चालत राहिलं तर डोंगराला लागेल का? लागणार असेल तर ओरडायचं.

पण ओरडायचं कसं? आधी घंटा लावून बघितली. कॉकपिटमध्ये घंटा आधीच चिकार होत्या. इंधनाची, आगीची, चाकांची. वाजली ती कोणती हे ओळखेपर्यंत डोंगर दारात यायचा. म्हणून माणसाचा आवाज घ्यायचं ठरलं. रेडिओवरच्या एका नावाजलेल्या निवेदिकेला बोलावलं. तिचा आवाज इतका गोड, की पुढे डोंगर आहे ही आनंदाची बातमी वाटावी. मग एका पुरुषाचा आवाज घेतला. वैमानिकांच्या कानात दिवसभर पुरुषच बोलत असतात, त्यांच्यात तो हरवून गेला.

एक दिवस मुख्य इंजिनिअर साहेबांनी हँगरमधून नकाशाच्या खोलीत फोन केला. त्यांना एका शिखराची उंची हवी होती, आणि शेजारी विमानाचं इंजिन चालू होतं. फोन आत्याने उचलला आणि आकडा सांगितला.

"परत सांगा," साहेब म्हणाले.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं. तेच तर! या जागेवर मला आजवर कोणाचं काही एका दमात ऐकू आलेलं नाही. परत सांगा बघू."

अशी आत्या खोक्यात गेली. सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगल्या, मध्ये एक खुर्ची आणि ध्वनिमुद्रण यंत्र. ते चालवणाऱ्या बुजुर्ग गृहस्थांना सगळे टेपवाले म्हणत. काय बोलायचं यावर एक समिती बसली होती आणि समितीने वाक्य पाठवलं होतं, 'समोर उंच भूभाग आहे, कृपया विमान वर घ्यावे.' टेपवाल्यांनी ते वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "एवढं बोलून झाल्यावर 'आपला नम्र' म्हणून सहीपण करायची का?" शेवटी काटछाट होऊन ठरलं, 'पुढे डोंगर आहे. वर घ्या.' आत्याने ते नेहमीसारखं, शांतपणे, नीट म्हटलं. घरी आल्यावर तिने आतोबांना सांगितलं, तेव्हा ते गालात हसले. "म्हणजे तुझं ऐकून घ्यायला आता मला वाटेकरी आले."

खोकी विमानांत बसली, चाचण्या सुरू झाल्या, आणि आत्या आपल्या भिंगाकडे परतली. पुढे काय चाललंय हे तिला कोणी सांगायला आलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

मग एका दुपारी ती कॅन्टीनमध्ये गेली. कारखान्याला लागूनच विमानतळ होता आणि चाचणीचे वैमानिक तिथेच जेवायला येत. त्यांचं टेबल हसण्याखिदळण्यात दंग होतं. आत्या खिडकीशी उभी राहून वाढप्याला म्हणाली, "एक चहा द्या. साखर कमी."

ते अख्खं टेबल चिडीचूप झालं. एका वैमानिकाचे दोन्ही हात, विमान वर घेताना दांडा ओढावा तसे, आपसूक पोटाशी ओढले गेले, आणि त्याच्या हातातल्या वाटीतली आमटी शेजाऱ्याच्या मांडीवर गेली. मग हास्याचा असा स्फोट झाला की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

ज्याच्या हातून आमटी सांडली तो उंच, लांब मानेचा, सडपातळ गडी होता. त्याला सगळे बगळा म्हणत. तो उठून आत्याजवळ आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "माफ करा बाई. तुम्हीच आमच्या सासूबाई ना?"

"कोण?"

"तसं म्हणतो आम्ही. खोक्यातला आवाज. उठल्याबसल्या टोकतो ना, म्हणून." तो जरा ओशाळला. "राग नका मानू. आवाज छान आहे. पण दरीत शिरलो की दर वळणाला 'वर घ्या, वर घ्या'. आम्हाला डोंगर दिसत असतो हो! आम्ही वळणारच असतो. मग काय करायचं? दरीत शिरण्याआधी आम्ही तुम्हाला बंद करतो."

"बंद करता?"

"छोटं बटण आहे. डाव्या हाताला."

आत्याने चहा घेतला, पैसे दिले आणि व्हरांड्यात जाऊन तो गार होईपर्यंत हातात धरून उभी राहिली. तिला राग आला नव्हता. आपलं बोलणं कोणीतरी बटणाने बंद करतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदा समजत होतं, आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी तिने हे आतोबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"मी हे कधी काढतो, तुला माहीत आहे?"

"माझी भावजय आली की."

"तिच्यासाठी नाही गं. ती आली की हे यंत्र तिचं बोलणं मोठं करतं, भांड्यांचं वाजणं मोठं करतं, बाहेरच्या गाड्या मोठ्या करतं. सगळंच मोठं झालं की त्यात माझ्या कामाचं काय ते मला सापडत नाही. मग मी काढून ठेवतो. मला माणसांचा कंटाळा येतो म्हणून नाही काढत." त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. "तुझ्या त्या बगळ्याचं तसंच असेल."

भावजय म्हणजे माझी आई. ही गोष्ट आमच्या घरी पोचल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस आतोबांना आमच्याकडे फक्त बिनसाखरेचा चहा मिळाला.

दुसऱ्या दिवशी आत्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस चांगला, पण खोकं त्यांचं पोटचं पोर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, खोकं खोटं बोललंय का? एकदा तरी? पुढे डोंगर आहे म्हटलं तेव्हा तिथे डोंगर होताच ना? मग चूक कोणाची?"

"चूक कोणाचीच म्हणत नाही मी. पण बंद केलेलं खरं काय उपयोगाचं?"

"त्यांना शिस्त लावू आपण," साहेब म्हणाले. वैमानिकांना आवाज बंद करू नका असं बजावण्यात आलं. वैमानिकांनी मान डोलावली, आणि दरीच्या तोंडाशी डावा हात पूर्वीसारखाच बटणाकडे जात राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली असताना, बगळा नकाशाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. वैमानिक त्या खोलीत येत नसत. त्याच्या हातात झाडाची एक फांदी होती, मनगटाएवढी जाड, एका टोकाला पिचलेली, दुसऱ्या टोकाला अजून हिरवी पानं. त्याने ती आत्याच्या काचेच्या टेबलावर ठेवली. खालच्या दिव्याने पानांच्या शिरा दिसायला लागल्या.

"विमानाच्या पोटात अडकली होती," तो म्हणाला. "चाकांच्या झाकणात. खाली उतरल्यावर कळलं."

आत्या फांदीकडे बघत राहिली. "आवाज आला नव्हता?"

"बंद केला होता." तो मान खाली घालून उभा होता. "दरीत धुकं नव्हतं, काही नव्हतं. ऊन डोळ्यांवर होतं, बस. मी हसत होतो बाई. सहवैमानिकाला काहीतरी गंमत सांगत होतो."

खोलीतल्या सगळ्या बायका भिंगं सोडून बघत होत्या. आत्याने त्याला व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि चहा दिला. चहा संपल्यावर ती म्हणाली, "मला एकदा तुमच्याबरोबर यायचंय. मी तिथे कशी बोलते ते मला ऐकायचंय."

नकाशाच्या खोलीतल्या माणसाने विमानात बसायची पद्धत नव्हती. पण त्या फांदीने सगळ्यांचीच झोप उडवली होती. साहेबांनी परवानगी काढली आणि सांगितलं, "मीही येतो."

विमानात कॉकपिटच्या मागे दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीवर आत्या, एकीवर साहेब, दोघांच्या कानांवर हेडफोन. उडाल्यावर आत्याला आधी मौज वाटली. मग विमान दरीत शिरलं. दोन्ही बाजूंना झाडांचे शेंडे खिडकीच्या वर गेले. विमान एकदा या कुशीवर झुके, एकदा त्या. आत्याला उलटी आली. साहेबांनी कागदी पिशवी तिच्या तोंडासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत राहिले. त्या दिवसापासून साहेब तिला 'बाई' सोडून 'ताई' म्हणायला लागले.

तेवढ्यात हेडफोनमध्ये ती बोलली. 'पुढे डोंगर आहे. वर घ्या.' आपला आवाज बाहेरून ऐकला की परक्याचा वाटतो. आत्याला क्षणभर वाटलं, ही कोण? समोर खरंच डोंगर होता. पण नदी डावीकडे वळत होती आणि बगळा नदीबरोबर वळायलाही लागला होता. वळण संपतंय तोच पुन्हा, 'पुढे डोंगर आहे. वर घ्या.' मग पुन्हा. डोंगराच्या सोंडेवरून चढताना, उतरताना, झाडांच्या रांगेवरून जाताना. त्याच शांत, नीट, न थकणाऱ्या आवाजात.

"अगं, गप्प बस की गं बाई," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिचा माइक चालू होता. बगळा आणि सहवैमानिक दोघे खो खो हसले. साहेब मात्र हसले नाहीत.

परतीच्या वाटेवर दरीत पांढरं धुकं आडवं आलं. काचेबाहेर सगळं दुधासारखं झालं. आता कोणीच हसत नव्हतं. बगळा हळूच म्हणाला, "सासूबाई, आता बोला."

आवाज आला नाही. बगळ्याने विमान वर घेतलं. विमान चढत राहिलं, आणि सगळ्यात वाईट होतं ते हे की त्या गप्प राहण्याचा अर्थ कोणाला लावता येत नव्हता. पुढे मोकळं आहे म्हणून ती गप्प आहे, की आणखी काही? इतका वेळ कामाचं-बिनकामाचं बोललेल्या बाईच्या गप्प राहण्यावर कोण भरवसा ठेवणार? थोड्या वेळाने विमान उन्हात आलं. आत्याने पाहिलं, बगळ्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

खाली उतरल्यावर साहेब तिथेच धावपट्टीच्या कडेला गवतावर बसले. "ताई, खोकं खरं बोलतं," ते म्हणाले, "पण आपण कोणाशी बोलतोय ते त्याला माहीत नाही."

पुढचे कितीतरी महिने नकाशाच्या खोलीच्या व्हरांड्यात रोज गर्दी असे. इंजिनिअर येत, वैमानिक येत, चहाच्या फेऱ्या होत, भांडणंही होत. खोकं नाकासमोर सरळ बघायचं. आता त्याला वळणाबरोबर बघायला शिकवायचं होतं. विमान आधीच चढायला लागलं असेल तर ते ओळखून गप्प राहायला शिकवायचं होतं. आज किती खालून उडायचं आहे हे वैमानिकाने आधीच सांगावं, यासाठी एक फिरवायची खुंटी बसवली. एक अडचण खुद्द नकाशात होती. जमिनीचे चौकोन पाडून, चौकोनात जे सगळ्यात उंच ठिकाण असेल तीच अख्ख्या चौकोनाची उंची धरायचा नियम होता. सावधगिरी म्हणून नियम ठीक, पण चौकोन मोठे असल्यामुळे अरुंद दरी खोक्याच्या दृष्टीने बुजलेलीच. विमान दरीत उडतंय आणि खोक्याला वाटतंय ते डोंगराच्या पोटात आहे! साहेबांनी चौकोन बारीक करायला सांगितले आणि आत्याच्या खोलीने सगळ्या दऱ्या पुन्हा पहिल्यापासून काढल्या. डोळ्यांचं पाणी झालं, पण कोणी कुरकुरलं नाही. ती वाळलेली फांदी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

आणि बोलणंही बदलायचं ठरलं. आधी नुसतं सांगायचं, 'पुढे डोंगर.' तेवढं ऐकूनही विमान वळलं नाही, चढलं नाही, तर मगच हुकूम. त्या दुसऱ्या वेळी आवाज वेगळा हवा होता. ऐकणाऱ्याचं अंग त्याच्या डोक्याआधी हललं पाहिजे, असं बगळा म्हणाला.

पुन्हा गाद्यांची खोली, पुन्हा टेपवाले. आत्या म्हणाली, "वर घ्या." टेपवाल्यांनी मान हलवली. "जोरात." तिने जोरात म्हटलं. आवाज फाटला. तिला ओरडता येतच नव्हतं. इतक्या वर्षांत ती वाटच बंद झाली होती. सकाळ गेली. टेपवाले म्हणाले, "ताई, तुम्ही 'घ्या' म्हणताय तोवर वैमानिक पाहुणेच राहणार. पाहुण्याला कोणी ओढत नाही."

आत्याने समोरच्या गाद्यांकडे बघितलं. मग, आतोबांशी बोलण्याआधी थांबायची तशी, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अरे, वर घे!"

आवाज मोठा नव्हता. खालच्याच पट्टीत, पण असा की टेपवाल्यांचा हात चालू यंत्रावरून आपसूक वर गेला.

साहेबांना तो आवडला, पण 'अरे' त्यांना खटकलं. "एक शब्द उगाच जातोय. 'वर घे' पुरे." बगळ्याने मात्र हट्ट धरला. "साहेब, 'वर घे' एकदम आलं तर 'वर' ऐकण्यातच निसटतं. 'अरे' म्हटल्यावर माणूस जागा होतो, मग 'वर घे' त्याला पुरतं कळतं. 'अरे' ठेवा." एका बंद खोलीत, इंजिनाचा गोंगाट लावून, तो आवाज वेगवेगळ्या वैमानिकांना ऐकवला. बगळ्याचं म्हणणं खरं निघालं.

मग समितीला शिष्टाचार आठवला. वरिष्ठ अधिकारीही ही विमानं चालवतात. सरकारी यंत्राने त्यांना 'अरे' म्हणावं का? यावर बरीच चर्चा झाली. शेवटी विमानतळाच्या प्रमुखांना ऐकवायचं ठरलं. ते पांढऱ्या मिशांचे, फारसं न बोलणारे गृहस्थ. त्यांनी हेडफोन लावला, ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"माझी आई गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारं कोणी उरलेलं नाही," ते म्हणाले. "राहू द्या."

खोकं नव्याने विमानांत बसलं. बगळ्याने येऊन सांगितलं की आता दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना पुष्कळदा ती एक शब्दही बोलत नाही, आणि तिला बंद करायचं कोणाच्या मनातही येत नाही. 'सासूबाई' हे नावही हळूहळू मागे पडलं. वैमानिक तिला 'ताई' म्हणायला लागले, साहेबांचं ऐकून.

मग एका वर्षी मोठा पूर आला. डोंगरांपलीकडची गावं तुटली आणि मालवाहू विमानं धान्याच्या गोणी टाकायला जाऊ लागली. त्या दिवसांत मी आत्याकडे राहायला होते. एका दुपारी आत्या भाजी चिरत होती, आतोबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, आणि दारात बगळा आला. तो आता शिकवायला लागला होता, केस मागे गेले होते. बरोबर एक अनोळखी वैमानिक होता, गणवेशातला, उंबऱ्याशीच थबकलेला.

"आत ये रे," बगळा म्हणाला. "याला तुम्हाला भेटायचं होतं, ताई. सांग."

त्या वैमानिकाने टोपी काढली, हातात फिरवली. "काल धान्य टाकून परत येत होतो," तो म्हणाला. "ढग खाली आले. मला वाटलं, मी आमच्या दरीत आहे. पण मागच्या संगमापाशी मी चुकीच्या फाट्यात शिरलो होतो. तुम्ही म्हणालात, 'पुढे डोंगर.' मी म्हटलं, असणारच, आपल्याला वळायचंय. मग तुम्ही..." तो थांबला. "'अरे' म्हणालात."

"मग?"

"मग मला काही आठवत नाही. हात मागे आलेले होते. मागे राहिलेल्या गोणी घसरल्याचा आवाज आला. समोर दगड होते. ओले. त्यांच्यावरचं शेवाळं दिसलं मला, ताई, इतके जवळ. मग ते खाली गेले."

"किती जण होता?" आत्याने विचारलं.

"सहा."

आत्याने सुरी खाली ठेवली. "बरं झालं," ती म्हणाली. "बसा. चहा ठेवते." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, आणि मला वाटलं, हिला काही वाटलं की नाही?

आतोबांना त्या वैमानिकाचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय म्हणतोय तो?"

आत्या त्यांच्याजवळ गेली, समोर बसली आणि नेहमीसारखी सांगू लागली. हा वैमानिक आहे. काल ढगात वाट चुकला. पुढे डोंगर आला. आवाज आला, त्याने विमान वर घेतलं. विमानात सहा जण होते. "सगळे..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्याने निघेना. आतोबा तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिले. तिने पुन्हा सुरुवात केली, "सगळे घरी..." आणि ती रडली. आतोबांनी तिचा हात धरला. त्यांना अजून वाक्य पुरतं ऐकू आलेलं नव्हतं, पण त्यांनी त्या वैमानिकाकडे पाहून मान डोलावली, पुन्हा पुन्हा.

चहा शेवटी मी केला. वैमानिक बराच वेळ बसला. त्याची बायको कुठल्या शाळेत शिकवते, त्याला स्वतःला लहानपणी उंचीची भीती कशी वाटायची, असलं काहीबाही बोलत राहिला. जाताना त्याने आतोबांशीही हस्तांदोलन केलं.

आत्या निवृत्त झाली तेव्हा विमानांतली खोकी बदलायला लागली होती. नव्या यंत्रांत नवा आवाज येणार होता. साहेबांनी अवघडत ते तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "येऊ दे की. मी काय जन्मभर सगळ्यांच्या कानाशी बसून राहू?"

आयुष्यभर तिने डोंगर काचेवर पाहिले होते. पायांनी एकही चढली नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या कोरड्या दिवसांत ती आतोबांना घेऊन निघाली. जो डोंगर तिने स्वतः दोनदा आकड्यांत उतरवला होता त्याच्या पायथ्यापर्यंत बस जात होती. मीही बरोबर होते. चढताना आत्या सारखी सांगत होती, "आता थोडं सपाट लागेल," आणि लागे. "आता खडी चढण," आणि तीही लागे. एका ठिकाणी मात्र तिने सपाट म्हटलं आणि पुढे चांगली दगडांची घसरंड होती. आतोबा म्हणाले, "काय हो नकाशावाल्या बाई?" ती म्हणाली, "कागद फुगला असेल."

वर पोचून आम्ही डोंगराच्या धारेवर बसलो. खाली दरी, दरीत नदीचा चमकता पट्टा. डबे उघडले, पाणी प्यायलो.

"ते बघ," आतोबा एकदम म्हणाले.

दरीच्या वळणावरून एक विमान येत होतं, आमच्या पायांच्या खूप खाली. आवाज अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता आणि आतोबांची भिस्त डोळ्यांवर, म्हणून आम्हा दोघींच्या आधी त्यांनाच ते दिसलं. वरून त्याची पाठ दिसत होती, रुंद आणि हिरवट, आणि त्याची सावली पलीकडच्या उतारावरून झाडांवर चढत-उतरत पळत होती. ते नदीबरोबर वळलं, सोंडेजवळ आलं, अलगद उचललं गेलं, पलीकडे उतरलं आणि दिसेनासं झालं. मग आवाज आला, दरी भरून, आणि हळूहळू विरला.

"छान चालवतोय," आत्या म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं आणि आतोबांना उठायला हात दिला. उतरताना गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून आम्ही वेळ असतानाच खाली निघालो.